एक काठी, दोन शिफ्ट

मरळ पकडायची असेल तर आधी सेफ्टी शूज काढा. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मोबाइलवर काठी, रीळ आणि दोऱ्याबद्दल तासन्तास बोलणारे पुष्कळ आहेत, पण चाकणहून शिफ्ट सुटल्यावर थेट पाण्यावर येणारा माणूस पायांत काय घालून येतो, हे त्यांना कुठून कळणार? खाणीचा काठ सगळा दगडाचा. त्यावर जड बूट आपटला की हादरा खालपर्यंत जातो, आणि काठाच्या सावलीत पडून राहिलेली मरळ तुम्ही काठी उचलायच्या आत पसार होते. मी सुरुवातीचे कितीतरी दिवस रिकाम्या पाण्यात गळ टाकत होतो आणि नशिबाला बोल लावत होतो. नशिबाचा काही संबंध नव्हता, बूट होते.

आमची खाण चिखलीच्या मागच्या अंगाला, मोशीकडं जाताना. दगड काढून झाला, खड्ड्यात पाणी साठलं, आणि त्यात मरळ कुणी सोडली की कशी आली ते कुणालाच ठाऊक नाही. एका काठाला शेवाळ आणि जलपर्णी, दुसऱ्या काठाला सरळ उतरलेला काळा कातळ, पलीकडं अर्धवट उभ्या इमारती. रस्त्याला लागून एका मावशींची चहाची टपरी. मावशी तिथल्याच जुन्या गावातल्या. टपरीचा मागचा पत्रा आणि पाण्याची टाकी यांच्यात एक फट होती, त्या फटीत आमची काठी उभी असायची.

'आमची' म्हणतो, कारण काठीचे मालक दोन होते. मी आणि माझा रिलीव्हर. रिलीव्हर म्हणजे आपली शिफ्ट संपली की आपल्या मशीनवर येऊन उभा राहणारा माणूस. मी सीएनसी लेथवर शाफ्ट काढतो. मी फर्स्ट शिफ्टला असलो की तो सेकंडला, तो फर्स्टला असला की मी सेकंडला. वर्षानुवर्षं एकच मशीन, एकच स्टूल, एकच पाण्याची बाटली ठेवायची जागा, आणि भेट मात्र शिफ्ट बदलताना दहा मिनिटांची. तेवढ्यात चार्ज द्यायचा. म्हणजे कोणतं टूल झिजलंय, माप जुळवायला कुठं ऑफसेट दिलाय, कोणत्या जॉबवर लक्ष ठेवायचं, ते सांगायचं आणि निघायचं. कानात इअरप्लग, बाजूला मशीनचा आवाज. अशा दहा मिनिटांत माणूस माणसाला काय ओळखणार?

तरी ओळखलं. एकदा चार्ज देताना त्यानं ऑफसेटच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि मला त्याच्या तर्जनीवर आडवी, बारीक कापल्याची रेघ दिसली. मशीननं तसं कापत नाही. पत्र्यानंही नाही. मी माझं बोट त्याच्या बोटाशेजारी ठेवलं. माझ्याही बोटावर तशीच रेघ होती. विणलेला दोरा धावताना बोटाखाली धरला की अशी रेघ पडते. तो हसला, म्हणाला, "कुठं बसतोस?" मी म्हणालो, "चिखलीच्या खाणीवर." त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, मीबी तिथंच की राव!"

एकाच पाण्यावर दोघं बसत होतो आणि एकमेकांना कधी दिसलो नव्हतो. दिसणार कसे? मी पाण्यावर असलो की तो मशीनवर. दोघांच्याही काठ्या बाजारातल्या स्वस्तातल्या, वाकल्या की वाकलेल्याच राहणाऱ्या. मग आम्ही दोघांत मिळून एक बरी काठी आणि बरं रीळ घेतलं. एकाच वेळी दोघांना ती लागणारच नव्हती. कंपनीतला माणूस वस्तू अशीच घेतो, दोन शिफ्ट चालेल अशी.

आणि मशीनचा चार्ज देतात तसा आम्ही काठीचाही देऊ लागलो. ठरवून नाही, सवयीनं. बोलायचो मशीनजवळच, पण बाकीचं काठी सांगायची. रिळाला ड्रॅग नावाचा एक स्क्रू असतो. मासा किती जोरानं ओढेल तेव्हा दोरा सुटू द्यायचा, ते त्यावर ठरतं. ड्रॅग गच्च आवळलेला असला की मी समजायचो, पठ्ठ्या सकाळी जलपर्णीत होता, कारण तिथं माशाला हातभरही दोरा देऊन चालत नाही. दिला तर मरळ देठांना वेढे घालते आणि तुम्ही नुसतं गवत उपटत बसता. ड्रॅग सैल असला तर तो कातळाच्या बाजूला, मोकळ्या पाण्यात बसला होता. मुठीला शेवाळ लागलेलं असलं तर घसरून पडला होता. मग दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो आणि तो कळवळला की दोघंही हसायचो.

एकच कटकट होती. मी डाव्या हातानं रीळ फिरवतो, तो उजव्या. हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावायचं म्हणजे एक स्क्रू सोडवायचा, हँडल ओढून काढायचं, पलीकडून घालायचं, स्क्रू परत आवळायचा. काठी हातात घेतली की हे पहिलं काम. मला त्याचा राग यायचा आणि तो राग मला आवडायचा. माझ्या खोलीत तर मी जिथं ठेवतो तिथंच सगळं असतं. कप, टॉवेल, रिमोट, सगळं. ज्या वस्तूची बाजू कुणीतरी बदलून ठेवतो अशी ती एकच वस्तू होती.

खोलीत मी एकटाच राहतो. बायको नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. माझी सुट्टी गुरुवारी, तिची रविवारी. गुरुवारी मी गावी पोचतो तेव्हा ती वर्गात असते. मी शाळेच्या कट्ट्यावर बसून सुट्टीच्या घंटेची वाट बघतो, आणि मुलं मला 'बाईंचे पाहुणे' म्हणतात. शुक्रवारच्या फर्स्ट शिफ्टसाठी संध्याकाळीच एसटी धरावी लागते. तक्रार नाही, आमच्या कंपनीत असे संसार कितीतरी आहेत. पण तक्रार नसली म्हणून एकटेपणा जातो असं नाही. चिखलीत माझ्या मजल्यावर चार दारं आहेत आणि एकाही दारामागच्या माणसाला मी कुठं काम करतो ते माहीत नाही. माझा दिवस कसा गेला हे ज्याला नीट कळत होतं असा या शहरात एकच माणूस होता, आणि तो मला रोज दहा मिनिटं भेटायचा. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, आम्ही दोघांनी बरोबर पाण्यावर बसावं. सुट्टी त्याचीही गुरुवारीच, पण गुरुवारी मी गावी, आणि तो घरखर्च भागवायला चुलतभावाची कॅब वाकडला चालवायचा. म्हणून ते जमत नव्हतं.

तोवर आम्ही मरळीच्या मागं डोकं लावत होतो, आणि चुका अशा करत होतो की त्या आम्हीच कराव्यात. एकदा मी पितळेच्या तुकड्यातून माशाच्या आकाराचं एक आमिष काढलं. काय काम केलं होतं! मायक्रोमीटर लावून दोन्ही बाजू सारख्या, भोक अगदी मध्यावर, पॉलिश असं की त्यात बघून दाढी करावी. पाण्यात सोडलं तर ते सरळ आलं. इतकं सरळ, की जणू रुळावरून चाललंय. आठवडाभर टाकलं, एका माशानं ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी काठी घेतली तर त्या आमिषाची एक बाजू कुणीतरी कानशीनं वेडीवाकडी घासून ठेवलेली. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी चार्ज न देताच त्याला विचारलं, तर म्हणाला, "भावा, जॉब पास व्हायला केलास का मासा धरायला? जखमी मासा सरळ पोवतो का?" संध्याकाळी टाकून बघितलं. लंगडत, डगमगत यायला लागलं, आणि तिसऱ्या फेकीला मरळ बसली. माझ्या नोकरीत मी तेवढा एकच रिजेक्ट पीस अभिमानानं वापरला आहे.

दुसरी चूक त्याहून आमची. मरळीसाठी सगळ्यात चांगलं आमिष म्हणजे रबरी बेडूक. तो जलपर्णीच्या पलीकडं टाकायचा, पानांवरून हलकेच सरकवत आणायचा, आणि पानं संपून मोकळं पाणी दिसलं की थांबवायचा. तिथंच मरळ येते. येते म्हणजे खालून पाणी फोडून येते, छातीत धस्स होतं. आणि आमची सवय काय? मशीनवर लाल दिवा लागला, अलार्म वाजला की हात आपोआप बटणावर जातो. विचार करायचा नसतो, थांबवायचं असतं. तसंच पाणी फुटलं की आम्ही काठी झटकन वर ओढायचो, आणि बेडूक माशाच्या तोंडातून सुटून थेट आमच्या तोंडावर यायचा. मरळ बेडूक आधी नुसता पकडते, मग तोंड मिटून खाली वळते. ती वळेपर्यंत थांबायचं. ढिला दोरा गुंडाळून घ्यायचा, ओढ हाताला लागू द्यायची, आणि मग काठीला झटका मारायचा. हे कळायला पावसाळा गेला. हाताला शिकवायला आणखी एक गेला.

आणखी दोन गोष्टी सांगतो आणि मग शिकवणं बंद करतो. गाठ आवळायच्या आधी ती थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली की दोरा तापतो आणि तिथंच तुटतो. आणि पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा गोळा सरकताना दिसला तर काठी खाली ठेवा. ती मरळीची पिल्लं असतात, आणि आईबाप दोघंही खालून त्यांच्याबरोबर फिरत असतात. तेव्हा ते दोघं कशावरही तुटून पडतात आणि सहज मिळतात. आम्ही दोघांनी न ठरवता तेव्हा कधी गळ टाकला नाही. पिल्लं दिसली की तो मला मशीनवर सांगायचा, "आज फॅमिली आली होती," आणि मी त्या संध्याकाळी नुसता चहा पिऊन घरी जायचो.

मग कंपनीनं देखभालीसाठी लाइन बंद ठेवली. दोघांनाही सुट्टी, तीही गुरुवार सोडून, आणि कॅब त्याच्या चुलतभावाकडं. मी आदल्या संध्याकाळी नवा दोरा भरला. सकाळी खाणीवर पोचलो तर तो आधीच आला होता, मावशींच्या बाकावर, धुतलेला शर्ट घालून. मीही धुतलेलाच घातला होता. आम्ही एकमेकांना युनिफॉर्मशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम लाजल्यासारखं झालं.

आणि काय सांगू, जमेचना. काठी एक, माणसं दोन. तो म्हणे तू टाक, मी म्हणे तू टाक. मी टाकत असताना तो मागं उभा राहून बघायचा, आणि त्याच्या नजरेखाली माझा बेडूक जाईल तिथं झाडात जाऊन बसायचा. मग त्याची पाळी. हँडल काढा, फिरवा, लावा. मग माझी, परत काढा. बोलायलाही काही सुचेना. मशीनजवळ दहा मिनिटं पुरायची नाहीत आणि इथं अख्खी सकाळ संपेना. मी विचारलं, "चहा घ्यायचा का?" तो म्हणाला, "आत्ताच घेतला की." एवढी वर्षं ज्या सकाळची वाट बघितली, ती अशी हातातून चालली होती आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

शेवटी हँडल बदलताना तो स्क्रूच त्याच्या हातातून निसटला. कातळावर एकदा वाजला आणि पाण्यात गेला. आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. त्या बाजूला पाणी किती खोल आहे कुणाला माहीत. स्क्रूशिवाय हँडल राहीना. झालं, मासेमारी संपली.

मग आम्ही काठी आडवी ठेवली आणि दगडावर बसलो. हात मोकळे झाले तशी जीभ मोकळी झाली असावी. तो त्याच्या गावाबद्दल बोलला, लातूरकडच्या. वडिलांना आता दिसत नाही म्हणाला. मी मुलीबद्दल सांगितलं, शाळेच्या कट्ट्याबद्दल सांगितलं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. समोर एक मरळ हवा घ्यायला वर आली, पाण्यावर एक बुडबुडा सोडून गेली. दोघांनी एकदमच बोट दाखवलं. त्या बुडबुड्याकडं बघतच तो म्हणाला, "मी गावाकडं चाललोय. नोटीस दिली. तालुक्याला वेल्डिंगचं दुकान टाकायलोय." मग म्हणाला, "म्हटलं, एकदा बरोबर बसावं."

म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. मला त्या क्षणी पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बरं. चांगलं आहे. आईवडिलांजवळ राहशील." असं आपण लांबच्या पाहुण्याला म्हणतो.

दोन दिवसांनी त्यानं मशीनवर मला एक स्क्रू दिला. पितळेचा, स्वतः काढलेला. आटे अगदी बरोबर बसले. पुढचे आठवडे नेहमीसारखे गेले, चार्ज देत आणि घेत. त्याच्या शेवटच्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो, तो सेकंडला. त्या दहा मिनिटांत मी त्याला सांगितलं की फिनिशिंगचं टूल बदललंय, आणि एका मापाला जरा सांभाळ. तो म्हणाला, "हो." मी हात पुढं केला. त्याच्या हातात ग्लोव्ह होता. तो काढेपर्यंत सुपरवायझरनं हाक मारली आणि तो वळला. मी जरा वेळ उभा राहिलो, मग पंचिंग करून बाहेर पडलो.

खाणीवर आलो तेव्हा ऊन अजून कातळावर होतं. फटीतून काठी काढली. बेडूक काढून ठेवलेला, दोरा पुसून गुंडाळलेला, आणि ड्रॅग पूर्ण सैल. उद्या लागणारी काठी कुणी अशी ठेवत नाही. रीळ पुष्कळ दिवसांसाठी ठेवायचं असलं की ड्रॅग सैल करतात, म्हणजे आतल्या चकत्या दाबून बसत नाहीत. मी तो उगाच आवळला, परत सैल केला. गळ बांधायची इच्छाच होईना.

मावशींनी न मागता चहा आणून ठेवला. म्हणाल्या, "तुमचे ते दुसरे भाऊ आज सकाळी आलते. पान्यावर गेलेच न्हाईत. काठी पुसली आन् या बाकावर बसून ऱ्हायले, पार कंपनीची येळ हुईस्तवर."

मी विचारलं, "काही म्हणाले का?"

"मीच इचारलं, कुनाची वाट बगताय? तर तुमचं म्हनाले." मावशींनी फडक्यानं बाक पुसला. "मी म्हनलं, आवं, ते तर आज पहिल्या शिफ्टला हायेत, दुपारशिवाय कसं येतील? तर म्हनाले, व्हय मावशी, ठावं हाय मला. आन् बसूनच ऱ्हायले."